जीर्ण हिपॅटायटिस-बी मधील पेशीक्लांती : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी काही विचार

हिपॅटायटिस-बीचा वाहक रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा एकच मागणी घेऊन येतो : "प्रतिकारशक्ती वाढेल असे काहीतरी द्या." रक्तदान शिबिरात, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या रक्तात विषाणूचे प्रतिजन सापडलेले असते. त्याला ना कावीळ असते, ना वेदना. रोग शरीरात आहे पण लक्षण नाही, ही अवस्था त्याला बेचैन करते आणि 'माझी शक्ती कमी पडली म्हणून विषाणू गेला नाही' असा सरळ निष्कर्ष तो काढतो. आपणही पुष्कळदा तो निष्कर्ष मान्य करून मांडणीवरील बल्य वा रसायन औषधाची बाटली त्याच्या हाती देतो. औषधविक्रेत्यांच्या दुकानात तर ही मागणी वैद्याच्या चिठ्ठीवाचूनही पुरी होते.

या निष्कर्षात कितपत तथ्य आहे हे तपासण्याचा प्रस्तुत लेखात आमचा प्रयत्न आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत व्याधिक्षमत्वशास्त्राने या रोगासंबंधी जे संशोधन केले त्यात 'एक्झॉशन', म्हणजे पेशींची क्लांती, हा शब्द मध्यवर्ती ठरला आहे. शब्द ऐकताच 'थकवा आहे, तर बृंहण करा' असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि संशोधकांना अभिप्रेत असलेली क्लांती आणि आपण रोज पाहतो तो थकवा यांत मोठे अंतर आहे. ते अंतर ध्यानी न घेता केलेली चिकित्सा रुग्णाला महागात पडू शकते.

प्रथम रोगाचा आवाका पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोक जीर्ण हिपॅटायटिस-बी सह जगत होते आणि त्या एका वर्षात या रोगाने सुमारे ११ लाख मृत्यू झाले. भारतातील रुग्णसंख्या त्याच अहवालात सुमारे २ कोटी ९८ लाख दिली आहे. यांतील बहुसंख्यांना संसर्ग जन्माच्या वेळी मातेकडून किंवा बालपणी झालेला असतो. नवजात अर्भकाला संसर्ग झाल्यास दहांपैकी सुमारे नऊ बालकांत तो कायमचा ठाण मांडतो. प्रौढ वयात झाल्यास मात्र शंभरांत पाचांहूनही कमी जणांत जीर्ण होतो. एकच विषाणू, एकच यकृत, आणि केवळ वयाच्या फरकाने परिणाम इतका उलटा. साध्यासाध्यतेत वयाचा विचार करावयास शिकलेल्या वैद्याला याचे नवल वाटू नये.

आता मूळ मुद्दा. हा विषाणू यकृतपेशींना स्वतः फारशी इजा करीत नाही. तो पेशीत शिरतो, तिच्या केंद्रकात आपल्या जनुकद्रव्याचे एक वर्तुळाकार कडे तयार करून ठेवतो आणि त्या कड्यावरून वर्षानुवर्षे आपल्या प्रती काढीत राहतो. यकृतपेशी जिवंत राहते, कामही करते. सिरोसिसपर्यंत नेणारा दाह होतो तो विषाणूला मारू पाहणाऱ्या आपल्याच पेशींच्या हल्ल्यामुळे. हे एक वाक्य ध्यानात ठेवले की पुढील सर्व विवेचन सोपे होते. एस.जी.पी.टी. वाढते तेव्हा ते विषाणूच्या बळाचे माप नसते. यकृतात लढाई चालू असल्याचा तो धूर असतो.

विषाणूची आणखी एक युक्ती आहे. तो पूर्ण विषाणुकणांच्या हजारो पटींनी अधिक, आत जनुकद्रव्य नसलेले, केवळ आवरणाचे पोकळ कण रक्तात सोडतो. आपण 'एच.बी.एस. एजी पॉझिटिव्ह' असे जे वाचतो ते मुख्यतः या पोकळ कणांमुळे. बारूक ब्लुमबर्ग यांनी १९६५ साली 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणून वर्णिलेला पदार्थ तो हाच. या कामासाठी त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्लुमबर्ग यांचे नाव वाचकांनी स्मरणात ठेवावे, कारण पुढे आपल्या भूम्यामलकीच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे. रात्रंदिवस, दशकानुदशके चालणारा हा प्रतिजनांचा मारा क्षमत्वपेशींना क्लांत करणाऱ्या कारणांपैकी प्रमुख मानला जातो.

विषाणुबाधित पेशी ओळखून तिचा नाश करणे हे 'सीडी-८' जातीच्या टी-पेशींचे काम. संसर्ग अल्पकाळ टिकणारा असेल तर या पेशी झपाट्याने वाढतात, काम उरकतात आणि थोड्या पेशी स्मृतिरूपाने मागे राहतात. संसर्ग हटतच नसेल तर काय होते, याचा पहिला नीट उलगडा उंदरांवरील एका विषाणूच्या अभ्यासात झाला. १९९८ साली रफी अहमद यांच्या संशोधनगटाने दाखविले की जीर्ण संसर्गात विषाणूला ओळखणाऱ्या पेशी नाहीशा होत नाहीत. त्या असतात, परंतु काम करीत नाहीत. (हे रफी अहमद मूळचे हैदराबादचे. अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठात त्यांचे कार्य झाले.) पुढील अभ्यासांत असे दिसले की ही क्षमता एकदम जात नाही, एका ठराविक क्रमाने जाते. आधी स्वतःची संख्या वाढविण्याची शक्ती जाते, मग काही दाहकारक स्राव निर्माण करण्याची, आणि 'इंटरफेरॉन-गॅमा' हा महत्त्वाचा स्राव सर्वांत शेवटी थांबतो. त्यानंतर पेशीच मरून जाते.

या अवस्थेची ओळख पटविणाऱ्या खुणा पेशीच्या पृष्ठभागावर असतात. त्यांतील अग्रणी 'पीडी-१'. जपानमध्ये क्योतो येथे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली हिचा शोध लागला. पेशीमृत्यूला कारण होणारी जनुके ते शोधीत होते, म्हणून नावात 'मृत्यू' आला. प्रत्यक्षात ती मृत्यूची कळ नसून लगाम आहे हे नंतर कळले. नाव मात्र तेच राहिले. होंजो व जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले ते अशा लगामांच्या शोधासाठी व कर्करोगचिकित्सेत त्यांचा उपयोग करण्यासाठी.

२००६ साली अहमद यांच्या गटाने क्लांत पेशींवरील पीडी-१ चा लगाम प्रतिपिंडाने सोडविला. पेशी पुन्हा कामाला लागल्या व विषाणू घटला. या प्रयोगाची सर्वत्र वाहवा झाली. पण त्याच शोधनिबंधात एक दुसरा प्रयोग आहे आणि वैद्यांच्या दृष्टीने आम्हास तो अधिक मोलाचा वाटतो. पीडी-१ ला जोडीदार असणारा रेणू जन्मतःच नसलेल्या उंदरांना, म्हणजे ज्यांत हा लगाम मुळी बसतच नाही अशा उंदरांना, तोच जीर्ण विषाणू टोचला. ते उंदीर बरे झाले नाहीत. थोड्याच दिवसांत मेले. त्यांना विषाणूने मारले नव्हते, स्वतःच्या अनिर्बंध पेशींनी मारले होते.

म्हणजे क्लांती हा केवळ ऱ्हास म्हणता येत नाही. शत्रूला तर हटविता येत नाही आणि लढत राहिलो तर घरच जळून जाईल, अशा पेचात शरीराने केलेली ती तडजोड आहे. यकृतासारख्या अवयवात ही तडजोड होणे विशेष स्वाभाविक. आतड्यातून प्रतिहारिणी सिरेने येणारे रक्त अन्नाचे व जंतूंचे असंख्य परके कण घेऊन यकृतात येते. प्रत्येकावर तुटून पडायचे ठरविले तर यकृत एक दिवसही टिकणार नाही. त्यामुळे मुळातच या अवयवाचा स्वभाव सोशीक आहे.

मनुष्याच्या हिपॅटायटिस-बी मध्ये या खुणा शोधण्याचे मोठे काम इटलीत पार्मा येथे झाले. तेथील गटाने २००७ साली दाखविले की जीर्ण रुग्णांत विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशींवर पीडी-१ मोठ्या प्रमाणात असते आणि विषाणूचे रक्तातील प्रमाण जितके अधिक तितके या पेशींचे कार्य खालावलेले असते. २०१० मध्ये त्याच गटाने यकृतातील पेशी रक्तातील पेशींहून अधिक क्लांत असल्याचे दाखविले. पुढे पीडी-१ च्या जोडीला टिम-३, सीटीएलए-४, लॅग-३, टिजिट, २बी४ अशी नावे आली. २०१९ साली 'टॉक्स' नावाचे एक नियामक प्रथिन पुढे आले, जे पेशीच्या केंद्रकात बसून क्लांतीचा हा सारा कार्यक्रम चालविते. या पेशींतील ऊर्जानिर्मिती करणारी सूत्रकणिका नावाची इंद्रियेही बिघडलेली असतात, आणि यकृतात 'आर्जिनिन' या आवश्यक द्रव्याचा तुटवडा त्यांच्या कार्यात अडथळा आणतो. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशींतही अशीच शिथिलता आढळली आहे.

येथे एक सावधानता हवी. पीडी-१ दिसले म्हणजे पेशी क्लांत, असे समीकरण मांडता येत नाही. नुकतीच जागृत झालेली, धडधाकट, कामाला लागलेली पेशीही पीडी-१ धारण करते. अनेक खुणा एकत्र असणे, त्या दीर्घकाळ टिकणे आणि कार्य खरोखर मंदावलेले असणे, हे तिन्ही जुळल्याविना क्लांतीचे निदान होत नाही. रोगलक्षणांतील एकाच लक्षणावरून व्याधिविनिश्चय करू नये हे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. शिवाय सर्व क्लांत पेशी एकसारख्या नसतात. त्यांत मूळस्वरूपी, स्वतःचे पुनरुज्जीवन करू शकणाऱ्या अशा थोड्या पेशी शिल्लक असतात व लगाम सोडविणारी औषधे प्रामुख्याने त्यांच्यावरच कार्य करतात, हे २०१६ पासून स्पष्ट झाले आहे. अगदी अखेरच्या अवस्थेतील पेशी कोणत्याही उपायाने परत येत नाहीत.

काही रुग्ण सीडी-४ व सीडी-८ पेशींच्या एकूण संख्येचा अहवाल घेऊन येतात आणि 'संख्या तर व्यवस्थित आहे' किंवा 'थोडी कमी आहे' यावर चर्चा करू पाहतात. त्या संख्येवरून या रोगातील क्लांतीविषयी काहीही कळत नाही. हिपॅटायटिस-बी ला ओळखणाऱ्या पेशी रक्तात इतक्या विरळ असतात की त्या वेचून त्यांच्या खुणा तपासणे हे संशोधन प्रयोगशाळेचेच काम आहे. रोजच्या चिकित्सेत निर्णय घेण्यासाठी अशी कोणतीही तपासणी आज प्रस्थापित नाही. यास्तव अशा तपासणीसाठी रुग्णाचे पैसे खर्च होऊ देऊ नयेत.

आपल्या शास्त्रात हे कोठे बसते? ओजःक्षयाशी जोड लावण्याचा मोह होतो. सुश्रुताचार्यांनी ओजाच्या विकृतीच्या विस्रंस, व्यापद् व क्षय अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत आणि पेशींची क्षमताही पायरीपायरीने जाते, म्हणून साम्य डोळ्यांत भरते. विस्रंसाच्या वर्णनातील क्रियांचा अवरोध तर येथे चपखल वाटतो. परंतु सुश्रुतोक्त लक्षणे ही समग्र पुरुषाची आहेत : सांधे ढिले पडणे, गात्रांची शिथिलता, पुढे ग्लानी, तंद्रा, मूर्च्छा. आपला वाहक रुग्ण तर शेतात दिवसभर राबतो, त्याचा अग्नी चांगला असतो, झोप चांगली असते. त्याच्या कोट्यवधी क्षमत्वपेशींपैकी मूठभर पेशी, त्याही एका विशिष्ट विषाणूपुरत्या, लगाम लावलेल्या असतात. इतर सर्व रोगांशी त्याचे शरीर व्यवस्थित झुंजते. त्याला ओजःक्षीण म्हणणे हे शास्त्राचा शब्द सैलपणे वापरणे होईल.

आम्हास दुसरे एक स्थान अधिक जवळचे वाटते. वाग्भटाचार्यांनी सूत्रस्थानात धातूंत लीन झालेल्या, बाहेर पडण्यास उन्मुख नसलेल्या साम दोषांचे बळाने निर्हरण करण्यास मनाई केली आहे. कच्च्या फळातून रस काढू गेल्यास फळच नष्ट होते, तसे ते दोष आपल्या आश्रयाचाच नाश करतात, असा तो दृष्टान्त आहे. यकृतपेशीच्या केंद्रकात दडलेला विषाणू बळाने हुसकू गेल्यास आश्रयाचा, म्हणजे यकृताचा, नाश होतो, हीच गोष्ट त्या उंदरांच्या मृत्यूने सांगितली. हे साम्यही साम्यच आहे. त्यावरून वाग्भटांना विषाणू ठाऊक होता असे कोणी म्हणू नये. पण चिकित्सेचा विवेक म्हणून त्याचा उपयोग निश्चित आहे.

लगाम सोडविण्याचा प्रयोग मनुष्यातही झाला आहे. न्यूझीलंडमधील एडवर्ड गेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात, विषाणुरोधक गोळ्यांनी विषाणू आधीच दाबून ठेवलेल्या निवडक रुग्णांना पीडी-१ विरोधी औषधाची अत्यल्प मात्रा एकदाच दिली गेली. मात्रा किती, तर कर्करोगात प्रथम रूढ झालेल्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाइतकी. बहुतेकांत प्रतिजनात किरकोळ घट झाली. एका रुग्णात मात्र एच.बी.एस. एजी पूर्णपणे गेले, आणि त्याच रुग्णात चौथ्या आठवड्याच्या सुमारास यकृताचा दाह भडकून नंतर शमला होता. यश आणि धोका एकाच रुग्णात, एकाच वाटेने आले. म्हणूनच हा उपाय हिपॅटायटिस-बी साठी अद्याप रूढ झालेला नाही. यकृताच्या कर्करोगात अशी औषधे प्रचलित आहेत. मात्र हिपॅटायटिस-बी असलेल्या रुग्णास ती देताना विषाणुरोधक गोळ्यांचे संरक्षण दिले जाते. असे रुग्ण पुष्कळदा सोबत आयुर्वेदिक 'शक्तीचे औषध' घेण्यासाठी आपल्याकडे येतात. त्यांना आपण होऊन कोणतेही क्षमत्वोत्तेजक द्रव्य देऊ नये, त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच निर्णय घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट बाजूची एक गोष्ट आपल्या वर्गात फारशी ज्ञात नाही. टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर या गोळ्या विषाणूच्या प्रती काढण्याची क्रिया रोखतात, केंद्रकातील कडे मात्र तसेच राहते, म्हणून त्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. पण दीर्घकाळ त्या घेतलेल्या रुग्णांत टी-पेशींची गेलेली क्षमता अंशतः परत येते, असे पार्माच्या गटाने २०१२ मध्ये दाखविले. शत्रूचा मारा कमी झाला की थकलेल्या शिपायाला उसंत मिळते. रुग्णाला खरोखर 'प्रतिकारशक्ती वाढवायची' असेल तर त्याने रोजची गोळी न चुकविणे हा त्याचा आजचा सर्वांत पुरावासिद्ध मार्ग आहे. हे आयुर्वेदाच्या नियतकालिकात लिहिताना आम्हास कोणताही संकोच वाटत नाही.

संकोच का नसावा, ते एका रुग्णावरून ध्यानी येईल. चाळिशीतील एक द्राक्षबागायतदार. चार वर्षे टेनोफोविर घेत होते, रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नव्हता. एका प्रदर्शनातील विक्रेत्याने 'ही गोळी शक्ती मारते, आमचा अर्क शक्ती वाढवतो' असे सांगून गोळी बंद करविली. पाचव्या महिन्यात डोळे पिवळे झाले तेव्हा ते आमच्याकडे आले. एस.जी.पी.टी. अकराशेच्या वर, बिलिरुबिन चढते, आणि रक्त गोठण्याचा काळ वाढलेला. कामलेची चिकित्सा करीत बसण्याची ती वेळ नव्हती. त्याच दिवशी त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठविले, गोळी पुन्हा सुरू झाली आणि तीन महिन्यांनी ते सावरले. सगळेच असे सावरत नाहीत. अर्क कोणता होता हे येथे गौण आहे. गोळी थांबताच विषाणू उसळला, लगाम सैल झालेल्या पेशी त्यावर तुटून पडल्या आणि मध्ये यकृत सापडले.

काही निवडक रुग्णांत यकृततज्ज्ञ स्वतः विचारपूर्वक गोळी थांबवितात, हे खरे. त्यासंबंधी सिंगापूरच्या संशोधकांचा २०१८ चा एक निष्कर्ष मनोवेधक आहे. गोळी थांबविल्यावर ज्यांचा दाह भडकला नाही अशांच्या रक्तात विषाणूला ओळखणाऱ्या, कार्यक्षम आणि पीडी-१ धारण करणाऱ्या टी-पेशी आढळल्या. म्हणजे ज्या खुणेला आपण क्लांतीची खूण म्हणून नावे ठेवली तीच येथे संयमाची खूण ठरली. अशा पेशी कोणाजवळ आहेत हे चिकित्सालयात बसून कळण्याचा मार्ग नाही, त्यामुळे गोळी थांबविण्याचा प्रयोग वैद्याने वा विक्रेत्याने करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता भूम्यामलकी. १९८८ साली मद्रासमधील त्यागराजन व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहलेखकांत स्वतः ब्लुमबर्ग होते. वाहक रुग्णांना तीस दिवस भूम्यामलकीचे चूर्ण दिले असता ३७ पैकी २२ जणांत, म्हणजे ५९ टक्के रुग्णांत, एच.बी.एस. एजी नाहीसे झाले. चूर्णसदृश निरौषधी पुड्या घेणाऱ्या २३ पैकी केवळ एकात ते गेले. आयुर्वेदविश्वात आनंद झाला आणि तो रास्तच होता. परंतु नंतर थायलंडमध्ये, १९९४ साली न्यूझीलंडमध्ये आणि अन्यत्रही तसा परिणाम मिळाला नाही. २०११ च्या कॉक्रेन समीक्षेतही निरौषधी पुडीच्या तुलनेत भूम्यामलकीचा लाभ सिद्ध झाल्याचे आढळले नाही. भूमीचा, ऋतूचा, जातीचा, संग्रहविधीचा फरक असू शकेल. आपले शास्त्र तर या गोष्टींवर भर देतेच. पण तसे असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारीही आपलीच. तीस-पस्तीस वर्षे त्याच एका अभ्यासाचे कात्रण दाखवून औषध विकणे आता पुरे व्हावे.

कोणत्या मापाने सिद्ध करायचे, हाही प्रश्न आहे. भूम्यामलकी, कुटकी यांच्या योगांनी एस.जी.पी.टी. उतरते असा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे, आमचाही आहे. परंतु या रोगात एस.जी.पी.टी. आपोआपही चढते-उतरते. ते उतरले म्हणजे विषाणू उतरला असे होत नाही. धूर कमी दिसला म्हणून आग विझली असे समजून रुग्ण दोन वर्षे तपासणीला येत नाही आणि थेट जलोदर घेऊन येतो. एच.बी.एस. एजी दरवर्षी शंभरांतील सुमारे एका रुग्णात कोणत्याही औषधाविना जाते, हेही स्मरणात असावे. हजार रुग्ण पाहणाऱ्या वैद्याच्या संग्रही असे दहा-बारा 'बरे झालेले' अहवाल वर्षभरात सहज जमतील. त्यामुळे आपल्या औषधाचा परिणाम पाहायचा तर विषाणूच्या डी.एन.ए. चे प्रमाण आणि एच.बी.एस. एजी चे मोजलेले प्रमाण आधी व नंतर पाहावे, तेही विषाणुरोधक चिकित्सा चालू ठेवून, यकृततज्ज्ञाच्या सहकार्याने.

गुळवेलीचा विषय टाळता येत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतदाह झाल्याचे यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा तसाच अभ्यास आला. आयुष मंत्रालयाने पहिला निष्कर्ष दिशाभूल करणारा म्हटले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये गुडूची सुरक्षित असल्याचे सांगून तिच्याशी साधर्म्य असलेली 'टिनोस्पोरा क्रिस्पा' ही जात घातक ठरू शकते असे कळविले. वाद अद्याप रंगतो. आम्हास त्या वादात येथे शिरावयाचे नाही. पण त्या रुग्णांच्या यकृताच्या नमुन्यांत जे चित्र दिसले ते स्वतःच्याच पेशींनी यकृतावर केलेल्या हल्ल्याशी मिळतेजुळते होते. गुडूची क्षमत्वपेशींना चेतविते असे आपणच अभिमानाने सांगत आलो आहोत. मग ज्या रुग्णाच्या यकृतात अशा पेशी आधीच लगाम लावून बसल्या आहेत त्याला महिनोन्महिने, मात्रेविना, काढा-रस-घनवटी अशा तीन रूपांत ती देताना एस.जी.पी.टी. न तपासणे हे कोणत्या शास्त्रात बसते? कोविडकाळापासून ज्यांनी हे रोजचे पेय करून टाकले आहे अशा ग्राहकांना विक्रेत्यांनी निदान 'कावीळ-ब आहे का' एवढे विचारावे. कच्चा माल घेताना वनस्पतीची जात तपासून घेण्याचा प्रमाणपत्राचा आग्रहही विक्रेत्यांनीच धरला पाहिजे, कारण कापलेल्या वाळक्या कांडावरून ओळख पटविणे मुरलेल्या माणसालाही कठीण जाते.

लगाम सैल होण्याइतकाच तो आवळला जाण्याचाही धोका असतो. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या यकृतातही विषाणूचा लवलेश राहतो व स्मृतिपेशी त्याला आयुष्यभर दाबून ठेवतात. स्टिरॉइड, केमोथेरपी किंवा रिटुक्सिमॅबसारख्या औषधांनी ही राखण उठली की विषाणू पुन्हा वर येतो. स्टिरॉइड थांबविल्यावर परतलेल्या पेशी एकदम हल्ला करतात आणि तेव्हाच कावीळ दिसते. सांधेदुखी व दम्यावरच्या निनावी पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ वेळोवेळी सापडली आहे. अशा पुड्या घेणाऱ्या रुग्णाला कावीळ झाली तर पुडीचे नाव विचारण्याआधी एच.बी.एस. एजी आणि कोअर प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे तपासून घ्यावीत. विक्रेत्यांनी उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक नसलेला माल दुकानात ठेवूच नये.

वाहक रुग्ण प्रथम आपल्याकडे आला तर आपण काय करावे? विषाणूचा डी.एन.ए., एच.बी.ई. एजी, एस.जी.पी.टी., प्लेटलेट, सोनोग्राफी आणि शक्य तेथे यकृताच्या काठिण्याची तपासणी एवढे आधी हवे. राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २०१८ च्या जुलैमध्ये सुरू झाला. त्याखाली ठरलेल्या शासकीय केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात, हे ग्रामीण रुग्णाला सांगितले तरी त्याचा मोठा भार उतरतो. कोणास गोळ्या द्याव्यात याचे निकष जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सैल केले आहेत. डी.एन.ए. २००० एककांच्या वर आणि एस.जी.पी.टी. स्वाभाविकाहून अधिक असेल तर आता औषध सुचविले जाते. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी 'औषधाची गरज नाही' असे ऐकलेल्या रुग्णाची तपासणी पुन्हा करवून घ्यावी. मद्य पूर्ण वर्ज्य करणे, आहारविहार, अग्नीचे रक्षण, निद्रा, आणि वर्षातून दोनदा तपासणीची आठवण करून देणे ही कामे आपल्याइतक्या आस्थेने दुसरे कोणी करीत नाही.

घरातील इतरांची तपासणी व लसीकरणही याच वेळी करवून घ्यावे. चक्रपाणिदत्तांनी व्याधिक्षमत्वाची दोन अंगे सांगितली : व्याधीच्या बळाला विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीलाच प्रतिबंध. पहिल्या अंगासाठी आपण वर इतकी पाने खर्ची घातली. दुसऱ्या अंगासाठी भारतात २००२-०३ पासून प्रायोगिक व २०११ पासून सार्वत्रिक लस उपलब्ध आहे. गर्भिणीचर्येसाठी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे एच.बी.एस. एजी तपासलेले आहे काय हे पहिल्याच भेटीत पाहावे. ते आढळल्यास तिला विषाणुरोधक औषधाची गरज आहे का हे तज्ज्ञाकडून गर्भकाळातच ठरवून घ्यावे, आणि बाळाला लसीची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत व सोबत प्रतिपिंडांची सुई मिळेल अशा रुग्णालयातच प्रसूती होईल, याची नोंद तिच्या कागदावर आपल्या हाताने करून द्यावी.